झटपट पास, गुरुजी नापास

इन्स्टॉलर नावाच्या प्राण्याशी माझं कधी पटलं नाही. एकवीस वर्षं रोज गाठ पडते, तरी नाही. कॉम्प्युटरमध्ये नवी सिस्टीम बसवायची तर आधी याच्याशी बोलावं लागतं, आणि हा एकतर नको तितकं विचारतो, नाहीतर विचारायला हवं तेही विचारत नाही. मधला एखादा भेटला असता तर माझे केस एवढे लवकर पांढरे झाले नसते.

मी सार्वजनिक वाचनालयाच्या कॉम्प्युटर विभागात आहे. विभाग म्हणजे मीच. शहरभर अकरा शाखा, त्रेसष्ट मशिनं, एक खडखडणारी व्हॅन आणि चष्म्याच्या जुन्या डबीत भरलेले पेनड्राइव्ह, एवढा पसारा. शाखांमध्ये मला नावाने कुणी ओळखत नाही, ‘पेनड्राइव्ह’ म्हणतात. ‘पेनड्राइव्ह आले’, ‘पेनड्राइव्हना फोन लावा’. पहिल्यांदा राग यायचा. आता राग आणायचाही कंटाळा येतो.

यंदा मशिनांवरची जुनी सिस्टीम बाद झाली. विकतची नवी घ्यायची तर मशिनंसुद्धा बदलावी लागणार, म्हणून फुकट मिळणाऱ्यांपैकी एखादी बसवायची असं ठरलं. अशा सिस्टीम ढिगाने आहेत. आतून बहुतेक सगळ्या एकमेकींच्या चुलत बहिणी, पण प्रत्येकीचा इन्स्टॉलर निराळा. आमच्या मुख्य ग्रंथपाल मॅडमनी मला बोलावून घेतलं.

"तुम्ही गेले चार महिने इथे मुख्यालयात टेबलाची जागा मागताय," त्या म्हणाल्या.

"हो."

"जागा आहे. महिनाअखेरपर्यंत आहे. पण तुम्ही टेबलावर बसलात तर व्हॅन घेऊन कोण हिंडणार? दुसरा माणूस मला मिळणार नाही. तेव्हा असा इन्स्टॉलर शोधून काढा की शाखेतला माणूस तो आपल्या हाताने चालवेल. अर्ध्या तासाच्या आत, आणि तुम्हाला एकही फोन न करता. सापडला तर तुम्ही इथे. दहा ते साडेचार."

साडेचार ऐकून मी लगेच हो म्हटलं. त्याचं कारण सांगायला हवं.

माझा मोठा भाऊ सुतार. चार महिन्यांपूर्वी कामावर असताना, शिडीवरून उतरता उतरता त्याची उजवी बाजू गेली. हॉस्पिटलातून घरी सोडताना व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी मला आणि वहिनीला बाजूला घेतलं. म्हणाल्या, "रोज चालवा. पहिल्या सहा महिन्यांत पायात जे येईल ते येईल, पुढे फार आशा धरू नका. आणि एकट्याने चालवू नका. एकदा पडले तर परत उभे राहायची हिंमत करणार नाहीत." सकाळी दादाचं अंग आखडलेलं असतं, दुपारनंतर सैल होतं, आणि सहाची गोळी घेतली की तो पेंगायला लागतो. म्हणजे चालवायचं ते पाचच्या सुमारास आणि दोन माणसांनी. एकाने बगलेत धरायचं, दुसऱ्याने खुर्ची घेऊन मागोमाग जायचं. एक माणूस वहिनी. दुसरा मी, आणि मी पाच वाजता कुठल्यातरी शाखेत टेबलाखाली शिरून वायरी हुसकत असायचो. घरी यायला साडेसात, कधी आठ. शेजारपाजारचे सगळे आमच्यासारखेच उशिरा परतणारे. वहिनीने दोनदा एकटीने करून बघितलं, दुसऱ्यांदा तिची कंबर धरली. म्हणजे दादा आठवड्यातून एकदाच चालायचा, रविवारी.

मी घरात पाऊल टाकलं की वहिनी ताट मांडायला घ्यायची आणि माझ्याकडे न बघता म्हणायची, "आज नाही झालं, भाऊजी." तक्रार अशी नसायचीच तिच्या आवाजात. तक्रार करायलाही अंगात थोडं बळ लागतं, ते तिच्याकडे उरलं नव्हतं.

सहातले चार गेले होते. उरलेले दोन मला हवे होते. म्हणून मी कामाला लागलो.

चार इन्स्टॉलर निवडले. त्यांची खरी नावं शाखांमध्ये कुणाच्या तोंडात बसेनात, म्हणून मी त्यांना घरची नावं ठेवली. पहिला गुरुजी. निळा पडदा, त्यावर राखाडी चौकट, माउस चालत नाही, बाणांच्या आणि टॅबच्या बटणांवर सगळा कारभार. भाषा कोणती, वेळ कुठली, कीबोर्ड कोणत्या पद्धतीचा, मशिनचं नाव काय ठेवू, पासवर्ड काय, तो परत एकदा सांगा. तीसेक प्रश्न सहज होतात, आणि एक उत्तर चुकलं की पुन्हा उभं करतो. दुसरा सेल्समन. दिसायला देखणा, प्रश्न पाचसहाच, पण सिस्टीम बसत असताना स्वतःचे गोडवे गाणारी चित्रं पडद्यावर फिरवत राहतो आणि काम संपत आलं की अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर ठाण मांडून बसतो.

तिसऱ्याला मी कपाट म्हणायचो. एकाच पानावर सगळे कप्पे, कुठला आधी उघडायचा ते तुमचं तुम्ही ठरवा. प्रत्येक कप्प्यातलं ‘झालं’ हे बटण मात्र वर डाव्या कोपऱ्यात, जिथे शहाण्या माणसाची नजर जात नाही. ते कुणी तिथे ठेवलं असेल त्याला एकदा भेटायची माझी फार इच्छा आहे.

आणि चौथा झटपट. मधोमध एक मोठं बटण, ‘बसवा’. ते दाबलं की दोन ओळी येतात आणि खाली ‘पुढे’. संपलं. बाकीचं सगळं तो स्वतःच्या मनाने ठरवतो.

परीक्षा कशी घ्यायची तेही मॅडमनीच सांगितलं. मुख्यालयाच्या मागच्या खोलीत टेबलावर एक जुनं मशीन, समोर शाखेतला माणूस. मी मागे भिंतीला टेकून खुर्चीत, हातात घड्याळ आणि वही. तोंड उघडायचं नाही. समोरच्याने विचारलं तरी नाही, तो रडकुंडीला आला तरी नाही. मी बोललो की इन्स्टॉलर नापास. आणि परीक्षा सगळ्यांना सारखी व्हावी म्हणून प्रत्येक फेरीआधी मी डिस्क पार कोरी करून द्यायचो. त्यात माझं काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. उलट, केवढं काटेकोर काम करतोय म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

सहा शाखांतून सहाजण आले. पहिल्या आल्या पुलाजवळच्या शाखेच्या काकू. नोकरीची दोन वर्षं उरलेली, पण पुस्तक बुडवणाऱ्याला आजही घरी जाऊन गाठतात. त्यांना मी गुरुजींसमोर बसवलं. गुरुजींनी कीबोर्ड कोणत्या पद्धतीचा ते विचारलं.

"म्हणजे काय? आपला आहे," काकू पडद्याला म्हणाल्या. मग मागे वळून मला, "पेनड्राइव्ह भाऊ, हा आपलाच ना?"

मी छताकडे बघितलं.

"अहो, बोला की! मिठाची गुळणी धरलीय का तोंडात?"

पासवर्ड परत विचारला तेव्हा त्यांनी निराळाच दिला. दोन्ही जुळत नाहीत असं गुरुजींनी सांगितल्यावर त्या उखडल्या. "एकच पासवर्ड दोनदा सांगितला तर तो गुप्त कसा राहील?" असं झालं सगळं. बावन्न मिनिटं लागली, शेवटी डोळ्यांत पाणी आलं. गुरुजी नापास.

दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या शाखेतला पैलवान आला. हा एका खेपेत कोशाचे बारा खंड उचलतो म्हणून पैलवान. स्वभावाने इतका मऊ की उशीर झालेल्या पुस्तकाचा दंड मागताना स्वतःच लाजतो. कपाटातलं ‘झालं’ शोधायला त्याने वीस मिनिटं घातली. मग मशीनच बंद करून परत चालू केलं आणि मोठ्या विश्वासाने म्हणाला, "आता येईल बघा." सेल्समनची चित्रं त्याला फार आवडली, प्रत्येकावर तो माउसने टिचक्या मारत होता. अठ्ठ्याण्णव टक्क्यांवर गाडी थांबली तेव्हा त्याने पाच मिनिटं वाट बघितली आणि माझी परवानगी न घेता प्लग उपटला. मी जीभ दाताखाली धरून बसलो होतो. एकवीस वर्षं ज्याने लोकांना ‘असं करा, तसं करा’ सांगितलं त्याला गप्प बसवणं ही साधी शिक्षा नव्हे.

झटपटला काकूंना नऊ मिनिटं लागली. पैलवानला साडेआठ. बाकीच्या चौघांनाही दहाच्या आत. एकाचंही घोडं कुठे अडलं नाही, एकानेही मागे वळून पाहिलं नाही. सहाच्या सहा पास.

त्या दिवशी मी जरा लवकरच घरी गेलो आणि वहिनीला सांगितलं. ती भाजी चिरत होती. सुरी खाली ठेवून तिने विचारलं, "कधीपासून?"

"अहवाल मंजूर झाला की. पुढचा सोमवार धरा."

ती उठली आणि पॅसेजमधलं चपलांचं कपाट एकटीनेच ओढत आतल्या खोलीत न्यायला लागली. दादाला चालायला वाट मोकळी हवी म्हणून. मी धावत जाऊन दुसरी बाजू धरली, कमरेवरून तिला रागावलो. दादा पलंगावरून बघत होता. त्याला बोलताना शब्द शोधावे लागतात, पण मापं पाठ आहेत. "चौदा फूट," तो पॅसेजकडे मान करून म्हणाला, "दोन इंच." मला हसू आलं. त्या रात्री मी कितीतरी दिवसांनी जेवलो म्हणावं असं जेवलो.

मॅडमना निकाल आवडला, पण त्या म्हणाल्या, "एक परीक्षा खऱ्या शाखेत घ्या. तिथल्याच मशिनवर. मग अहवाल द्या, मी त्याच दिवशी सही करते."

खरी शाखा म्हणून मी काकूंची निवडली, कारण त्या सगळ्यांत कठीण गिऱ्हाईक. खिडकीजवळचं मशीन रोज त्याच वापरतात. गेली तीन वर्षं त्या लोकांच्या घरून जुनी पत्रं मागून आणायच्या, रिकाम्या वेळात या मशिनवर टाइप करून ठेवायच्या आणि मूळ पत्रं ज्याची त्याला परत करायच्या. सैनिकांनी घरी धाडलेली, सासरहून आलेली, उधारीच्या कटकटींची, कसलीही. चारशेच्या वर झाली होती. मला हे माहीत होतं, कारण त्यातली दोनतीन त्यांनी मला आग्रहाने वाचून दाखवली होती.

मी खुर्ची मागे घेतली, घड्याळ लावलं. काकूंनी पेनड्राइव्ह घातला, मशीन चालू केलं, मोठं बटण दाबलं. दोन ओळी आल्या. मागच्या खोलीत त्या जागी ‘डिस्क रिकामी आहे, सिस्टीम बसवण्यास तयार’ असं यायचं. इथे आलं: ‘या डिस्कवर आधीची माहिती आहे. पुढे गेल्यास ती सर्व पुसली जाईल.’

काकूंचा हात क्षणभरही थांबला नाही. माउस सरळ ‘पुढे’कडे निघाला.

"थांबा!" मी ओरडलो आणि खुर्ची पाडून त्यांचं मनगट धरलं.

"अगं बाई! केवढ्यांदा ओरडता! काय झालं?"

"वाचलंत का तुम्ही ते?"

"नाही."

"का नाही वाचलंत?"

"आता हे बरंय," काकू म्हणाल्या. "तुम्हीच तर सांगता." आणि त्यांनी मॉनिटरच्या कडेला चिकटवलेल्या चिठ्ठीवर बोट ठेवलं. त्यांचंच वळणदार अक्षर. ‘अडलं तर : १) घाबरू नका. २) वाचू नका. ३) पुढे दाबा.’ खाली, मोठ्या माणसाचं वचन लिहावं तसं, ‘पेनड्राइव्ह’.

मी ते म्हटलं होतं यात शंकाच नव्हती. किती वेळा म्हटलं होतं त्याचा हिशोब नाही. व्हॅन चालवताना, एका कानाला फोन, दुसरा वाजतोय, आणि पलीकडे कुणीतरी पडद्यावरची ओळ न ओळ मला वाचून दाखवतंय. ‘काकू, ते वाचू नका हो. नुसतं पुढे दाबा.’ दहातल्या नऊ वेळा त्याने काम भागायचं. म्हणून तेच माझं औषध होऊन बसलं होतं, सर्दीला तेच आणि तापाला तेच.

"दुसऱ्या कुठल्या शाखेत आहे का ही चिठ्ठी?" मी विचारलं.

"सगळीकडे आहे. मीच झेरॉक्स काढून धाडल्या. किती उपयोग होतो माहितेय?"

मी त्यांना चष्मा लावायला सांगितला आणि पडद्यावरच्या दोन ओळी मोठ्याने वाचायला लावल्या. त्यांनी वाचल्या. मग पुन्हा मनातल्या मनात वाचल्या.

"म्हणजे माझी पत्रं?"

"हो."

काकूंनी माउस दूर सारला आणि त्या खुर्चीत मागे टेकल्या. मी तेवढ्यात सगळी पत्रं दोन पेनड्राइव्हवर उतरवून त्यांच्या पर्समध्ये ठेवली.

नियमाप्रमाणे मी बोललो होतो, तेव्हा परीक्षा तिथेच संपली. पण माझं मन थाऱ्यावर नव्हतं. मी त्यांना गुरुजींसमोर बसवलं आणि परत गप्प झालो. पुष्कळ प्रश्न झाले, पुष्कळ चिडचिड झाली, आणि मग गुरुजी डिस्कशी आले. कुठल्या डिस्कवर काय आहे त्याची यादी दाखवून त्यांनी विचारलं, हे सगळं पुसून नवं लिहू का? खाली ‘हो’ आणि ‘नाही’. गुरुजींची गंमत अशी की या एका ठिकाणी ते ‘नाही’वर बोट ठेवून उभे असतात. न वाचता एंटर दाबलं की आहात तिथेच परत. काकूंनी सवयीने एंटर दाबलं. तेच पान. परत दाबलं. तेच पान. चार वेळा. "बिघडलाय हा तुमचा," त्या म्हणाल्या. पाचव्या वेळेला त्यांनी चष्मा नाकावर खाली घेतला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागल्या.

"याने बरं विचारलं," शेवटी त्या म्हणाल्या आणि कीबोर्डवरून हात काढून घेतले.

एक तास दहा मिनिटं झाली होती. अर्ध्या तासाच्या नियमात गुरुजी पुन्हा नापास.

अहवाल मी व्हॅनमध्ये बसून लिहिला, कारण घरी लिहायची हिंमत नव्हती. गुरुजींचं नाव लिहायचं तर एकेका शाखेत जाऊन माणसांना मांडी घालून वाचायला शिकवावं लागणार होतं. माझीच लावलेली सवय मीच मोडायची. अकरा शाखा, प्रत्येकीला चारपाच खेपा. तीन महिने कुठे गेले नाहीत. टेबलाची जागा तोवर दुसऱ्याची, आणि दादाचे सहा महिने संपलेले. झटपटचं नाव लिहिलं तर सोमवारी पाच वाजता मी घरी.

मी झटपटचं नाव लिहिलं, आणि काकूंच्या शाखेत मी मधेच ओरडलो ते गाळलं. सोबत शाखांना धाडायचं पत्रक केलं. त्यात पहिली पायरी ठळक अक्षरांत, खाली दोन रेघा मारून: ‘आधी मशिनवरची सर्व माहिती वेगळ्या पेनड्राइव्हवर उतरवून घ्यावी.’ ते पत्रक कुणी वाचणार नाही हे मला माहीत होतं. हे इथे स्पष्ट सांगतो, म्हणजे पुढे नजरचुकीने, अनवधानाने वगैरे शब्दांमागे लपायची सोय मला उरणार नाही. वाचू नका हे त्यांना मी शिकवलं, आणि त्यांच्या बचावासाठी मी त्यांना वाचायचा कागद दिला.

संध्याकाळी काकूंचा फोन आला. "काय लिहिलंत?"

"झटपट."

"आणि बाकीच्या शाखा?"

"पत्रक काढतोय ना."

"पत्रक," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी फोन ठेवला.

सोमवारी पाचला दहा मिनिटं कमी असताना मी घरात शिरलो. वहिनीने खुर्ची तयारच ठेवली होती. पहिल्या दिवशी दादा पाच पावलं चालला आणि घामाने निथळला. आठवड्याने अर्धा पॅसेज झाला. तिसऱ्या आठवड्यात त्याने वळताना माझ्या खांद्यावरचा हात उचलून भिंतीला लावला. व्यायामाच्या बाई बघायला आल्या होत्या, त्यांनी टाळी वाजवली. मी ऑफिसात दहा ते साडेचार कागद हलवायचो आणि माझं सगळं लक्ष त्या चौदा फूट दोन इंचांत असायचं. या दिवसांत मी सुखी होतो. दमलेला होतो, पण सुखी होतो.

पेनड्राइव्ह टपालाने गेले होते. एकेक शाखा आपापली मशिनं उरकत होती. सात शाखा झाल्या, एकही फोन नाही. मॅडमनी शाबासकी दिली. कुणाच्या मशिनवर आधी काय होतं ते कुणी मला सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

पाचव्या आठवड्यातला गुरुवार. दादा रंगात होता. टोकापर्यंत गेला, वळला, परत आला, आणि खुर्ची पुढे केली तर मान हलवून म्हणाला, "अजून एक." निम्म्या वाटेवर माझ्या खिशातला फोन वाजायला लागला. एक हात दादाच्या बगलेत, दुसरा त्याच्या पट्ट्याला, सोडणार कसा? वाजून वाजून थांबला, परत वाजला. फेरी पुरी करून दादाला खुर्चीत बसवलं आणि मी दारात जाऊन फोन घेतला. पैलवान होता.

"साहेब, सात मिनिटं! माझाच विक्रम मोडला!"

"छान," मी म्हटलं.

"एकच अडलंय. त्या रेकॉर्डिंगा नव्या सिस्टीमने कुठल्या फोल्डरात ठेवल्यात?"

"कसल्या रेकॉर्डिंगा?"

"आमच्याकडे दर बुधवारी म्हातारी माणसं येतात ना, आपल्या आठवणी सांगायला. मी दोन वर्षं त्यांचे आवाज भरून ठेवलेत. त्यातल्या एक आजी गेल्या महिन्यात वारल्या. त्यांची मुलगी आलीय. आईचा आवाज ऐकायचाय म्हणतात. इथे समोरच बसल्यात."

"पैलवान, मशीन बंद करा. आत्ताच्या आत्ता."

"बंद कशाला? सकाळी बसवलं, दिवसभर त्यावरच काम चाललंय. नवी पुस्तकयादी उतरवली सगळी, चित्रांसकट. मस्त चालतंय."

"पत्रकातली पहिली पायरी केली होती का? सगळं उतरवून घ्यायची?"

"पत्रक आलं होतं," तो जरा गोंधळून म्हणाला. "पण अडलंच नाही कुठे, म्हणून मग वाचलं नाही. झालं काय?"

त्याला समोरच्या बाईंना ऐकू जाऊ नये असं वाटलं असावं, आवाज उतरला होता. मी दाराची चौकट धरली. खोटं सांगता आलं असतं, उद्या येऊन बघतो असंही म्हणता आलं असतं.

"पैलवान, ते आता नाही," मी म्हटलं. "पुसलं गेलं. दिवसभर त्याच्यावर नवं लिहिलं गेलंय, तुकडे निघाले तर निघतील, आवाज निघणार नाही. चूक तुमची नाही. असं होणार हे मला माहीत होतं."

एवढा मोठा पैलवान अगदी लहान आवाजात म्हणाला, "मग यांना मी काय सांगू?"

मी मागे बघितलं. पॅसेजच्या टोकाला वहिनी खुर्चीची पाठ धरून उभी होती, चेहरा घामेजलेला, आणि हसत होती. दादाने डाव्या हाताने गुडघ्यावर जोर दिला, अर्धा उठला आणि मला हाक मारली.

"छोट्या, ये. अजून एक."